हृदयाला सुई लावण्याचे धाडस करणारे डॉ. सेन

पिंपरी / प्रतिनिधी

पिंपरी-चिंचवडमधील मोठ्या रुग्णालयांच्या कॅथ लॅबमध्ये मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेणे आता नित्याचे झाले आहे. हृदयाचे बिघडलेले ठोके सुरळीत करताना काही वेळा ही नळी हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात न्यावी लागते. त्यासाठी मधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडतात. धडधडत्या हृदयाला मुद्दाम छिद्र पाडण्याचा विचार साठ वर्षांपूर्वी मुंबईत, वेगळ्या हेतूने, एका शल्यविशारदाने केला होता. त्यांचे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

१९१५ मध्ये जन्मलेल्या सेन यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि परळचे के.ई.एम. रुग्णालय हीच त्यांची कर्मभूमी ठरली. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला थेट आतल्या कप्प्यातूनही रक्त मिळते. त्यावरून, रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाला सुईने बारीक छिद्रे पाडून रक्त पुरवता येईल, अशी कल्पना त्यांनी मांडली. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे इतरत्र सुईची जागा लेसर किरणांनी घेतली.

फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी के.ई.एम.मध्ये भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. जगातील ते सहावे होते. त्याआधी अनेक वर्षे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून तयारी केली होती. तरीही रुग्ण जेमतेम तीन तास जगला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रत्यारोपणातील रुग्णही वाचला नाही आणि हे काम थांबले. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. यश मात्र त्यांना पाहायला मिळाले नाही. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण पार पडले.

पडदा भेदण्याच्या तंत्राचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याने झाला. १९५९ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन रॉस यांनी ते प्रथम वर्णिले. पोलादी सुई जोर लावून रेटावी लागे. ती घसरली, तर महाधमनीला किंवा हृदयाच्या भिंतीला इजा होऊन रुग्णाच्या जिवावर बेतत असे. आता रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जेने टोकापुरताच पडदा भेदणारी सुई किंवा तार मिळते, त्यामुळे जोर लावावा लागत नाही. तारेचे मऊ टोक पलीकडे जाताच वळते, त्यामुळे समोरच्या भिंतीला टोचण्याचा धोका कमी होतो. हृदयाच्या आत सरकवलेली सोनोग्राफीची नळी सुई नेमकी कुठे टेकली आहे हे पडद्यावर दाखवते.

सेन यांच्या हाताशी यातले काहीच नव्हते. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून आज दिली जाणारी प्रभावी औषधेही तेव्हा नव्हती. त्यांच्या अपयशाकडे पाहताना ही उणीव विसरता येत नाही, तसेच त्या दोन रुग्णांनी पत्करलेला धोकाही.