प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ऑलिम्पिकला पाठवलं, खाशाबांनी कुस्त्या मारून ते सोडवलं

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक पदक. पण त्यामागची पैशांची ओढाताण समजून घ्यायची, तर तेव्हाचा एक नियम माहीत हवा.

त्या काळी ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळून पैसे घेतले की बाद. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल गाजवणाऱ्या जिम थॉर्पने १९१२ मध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याने आधी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतल्याचं उघड झालं आणि १९१३ मध्ये दोन्ही पदकं काढून घेतली गेली.

आपल्याकडची रीत वेगळी. जालन्यापासून कोल्हापूरपर्यंत जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो आणि जिंकेल त्याला इनाम मिळतं. त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

खाशाबा याच मातीतले. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब पैलवान. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकताना ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे ते सहावे आले.

१९५२ ला मात्र पैशांचं गणित जुळेना. सरकारकडे मागून झालं, गावात वर्गणी झाली, तरी रक्कम कमीच पडत होती. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, असं सांगितलं जातं.

खाशाबा पदक घेऊन परतले. कराड ते गोळेश्वर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण गुलाल धुतल्यावर कर्ज तसंच होतं. मग त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या, जिंकल्या आणि त्या पैशांतून सरांचं घर सोडवलं, असं त्यांचे जवळचे लोक सांगत.

आता गंमत बघा. हौशीपणाच्या नियमात बक्षिसाचा पैसा बसतच नव्हता. म्हणजे खेळाडूने कमवायचं नाही, आणि जायचा खर्च मात्र त्यानेच उभा करायचा! घरात पैसा असलेल्याला हा नियम सोपा होता. शेतकऱ्याच्या पोराला तो कसा परवडणार?

१९५५ मध्ये खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. बढतीसाठी वर्षानुवर्षं वाट बघितली, पेन्शनसाठीही झगडले. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. मधली ४४ वर्षं आपल्याकडे दाखवायला एकच वैयक्तिक पदक होतं, तेही एका प्राचार्यांच्या घराच्या तारणावर आलेलं.