धर्मानंद कोसंबी

गोव्यातील सांखवळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. लहान वयातच त्यांना घरच्या नारळीच्या बागेची देखरेख करावी लागली. परंतु शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही. १८९७ साली ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले. ते लहानसेच होते. पण त्याने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. बुद्धाने काय शिकविले, हे मुळातून समजून घेतल्यावाचून त्यांना चैन पडेना.

ही गोष्ट सोपी नव्हती. बुद्धाचा उपदेश पालि भाषेतील ग्रंथांत होता आणि ती भाषा शिकविणारा कोणी जवळपास नव्हता. शिवाय घरी पत्नी व तान्ही मुलगी होती. त्यांना सोडून जाणे धर्मानंदांना फार जड गेले. तरीही १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे व ग्वाल्हेर येथून ते काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नेपाळ व बुद्धगया पाहून १९०२ साली ते सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी राहून ते पालि शिकले. नंतर ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी ध्यानाचाही अभ्यास केला.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले व तेथे पालीचे अध्यापक झाले. वेतन चांगले होते. पण एवढ्या कष्टाने मिळविलेले ज्ञान आपल्या मराठी बांधवांपर्यंत पोहोचत नाही, ही खंत त्यांच्या मनाला लागून राहिली. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत, एवढीच अट होती. धर्मानंदांनी मोठ्या वेतनाचा मोह सोडला आणि ते ५० रुपये आनंदाने पत्करले.

‘विसुद्धिमग्ग’ या कठीण पालि ग्रंथाच्या संशोधनासाठी १९१० पासून ते चार वेळा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविली. पत्नी व मुलांनाही त्यांनी पुण्यास आणले. जी भाषा शिकण्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला होता, ती आता मराठी विद्यार्थ्यांना पुण्यातच शिकता येऊ लागली. ज्यांना पालि येत नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी सोप्या मराठीत बुद्धाचे चरित्र व उपदेश लिहिला.

शील, समाधी व प्रज्ञा ही बुद्धाच्या मार्गाची तीन अंगे होत. त्यांतील शील, म्हणजे शुद्ध आचरण, केवळ ग्रंथात ठेवण्यासाठी नाही, हे धर्मानंद जाणत होते. म्हणून १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते सामील झाले आणि त्यांनी कारावासही सोसला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

एका मासिकातील चार पाने वाचून नारळीच्या बागेतला एक तरुण ज्ञानाच्या शोधात निघाला. त्याला ज्ञान मिळाले. परंतु ते त्याने एकट्यापाशी ठेवले नाही. यातच त्याचे थोरपण आहे.