चक्कर आली, लगेच बरंही वाटलं? नामदार गोखल्यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखे

बारामती-इंदापूर भागातले बरेच रुग्ण मला बोलता बोलता, जाता जाता सांगतात की परवा शेतात किंवा बाजारात क्षणभर शुद्ध हरपली होती, पण पाणी प्यायल्यावर बरं वाटलं. तुमच्याही घरी असं घडलं असेल, तर गोपाळ कृष्ण गोखले यांचे आयुष्य जरूर वाचा.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी शिकवले, १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. इंग्लंडच्या अनेक वाऱ्या केल्या, १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेलाही गेले. त्यांना मधुमेह होता आणि पुढे हृदयही कमकुवत झाले. तरी काम थांबले नाही.

१९१५च्या सुरुवातीला गांधीजी पुण्यात त्यांच्याकडे आले. स्नेह्यांसाठी खजूर, शेंगदाणे आणि फळांचा साधा कार्यक्रम होता. गोखल्यांच्या खोलीपासून अगदी जवळच. तेवढे अंतर चालून ते आले आणि बेशुद्ध पडले. अशी भोवळ त्यांना पूर्वीही येत असे. शुद्धीवर आल्यावर कार्यक्रम चालू ठेवा, असा निरोप त्यांनी पाठवला. थोड्याच काळात, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ते गेले. वय अवघे ४८.

त्यांच्या हृदयाची लय बिघडली होती का?

हे आज कुणीच सांगू शकत नाही. भोवळीची कारणे अनेक असतात. हॉलंडमधील आइंटहोवेन यांनी इसीजीचे यंत्र १९०३ च्या सुमारास पुढे आणले होते, पण ते तेव्हा मोजक्या ठिकाणीच होते. इन्शुलिनचा शोध तर १९२१ मधला. गोखल्यांपाशी हे काही नव्हते. तुमच्यापाशी आहे.

हा त्रास किती आढळतो?

अनियमित ठोक्यांचा नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. २०१९ मध्ये जगभरात सुमारे ६ कोटी लोकांना हा किंवा याच्या जवळचा विकार होता. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, आत रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. अनेकांना काहीच जाणवत नाही.

धोका कोणाला जास्त?

- वय ६५ च्या पुढे
- उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा
- हृदयाच्या झडपांचा आजार (लहानपणीच्या सांधेतापानंतर होणारासुद्धा), आधीचा हृदयविकार
- थायरॉईड जास्त असणे
- दारू, तंबाखू, झोपेत श्वास अडकणे

तुम्ही काय कराल?

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटे ठेवून एक मिनिट नाडी मोजा. ठोके वेडेवाकडे पडत असतील, धडधड होत असेल किंवा एकदाही शुद्ध हरपली असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि इसीजी काढा. त्रास थांबल्यावर इसीजी सरळ येऊ शकतो. मग २४ तासांची होल्टर तपासणी करावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. भोवळीबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे असेल, तर लगेच १०८ ला फोन करा.

गोखल्यांनी शुद्धीवर येताच काम पुढे चालू ठेवायला सांगितले. तुम्ही मात्र त्या दिवशी काम थांबवा आणि आधी दवाखाना गाठा.