आल्फ्रेड ब्यूखी : वायां जाणाऱ्या धुरास कामास लावणारा यंत्रज्ञ

मुळशीच्या तलावाच्या कांठानें ताम्हिणी घाटाकडे जाणारी मोटार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. चढ लागतांच इंजिन घोगऱ्या आवाजानें कण्हूं लागतें, चालक गिअर बदलतो, आणि मागील नळींतून ऊन धुराचा लोट बाहेर पडतो. त्या धुराकडे पाहून आपण नाकास रुमाल लावितों व पुढें जातों. परंतु एका मनुष्यानें त्याच धुराकडे पाहून विचार केला, आणि त्या एका विचाराच्या सिद्धीसाठीं आयुष्याचीं वीस वर्षें वेंचलीं. त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें असें आहे.

आल्फ्रेड ब्यूखी याचा जन्म स्वित्झर्लंड देशांतील विंटरथूर या गांवीं ता. ११ जुलै १८७९ रोजीं झाला. त्याचा पिता तेथील सुल्झर नामक प्रसिद्ध यंत्रकारखान्यांत मोठ्या अधिकाराच्या जागेवर होता. त्यामुळें भट्टीची धग व यंत्रांची घरघर या गोष्टी आल्फ्रेडच्या बालपणापासूनच परिचयाच्या होत्या. सन १८९९ मध्यें तो झुरिच येथील विख्यात तांत्रिक विद्यालयांत दाखल झाला व १९०३ मध्यें यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. पुढें कांहीं काळ त्यानें बेल्जम व इंग्लंड या देशांत नोकरी केली.

याच काळांत एका प्रश्नानें त्याच्या मनाचा ताबा घेतला. इंजिनांत जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकीं थोडाच भाग चाक फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीचा कांहीं थंड करण्याच्या पाण्यांतून आणि कांहीं धुरावाटे निघून जातो. हा धुरांतील वांटा लहान नसतो. तो सुमारें एक-तृतीयांश भरतो. ज्या धनाचा तिसरा हिस्सा रोज दारांतून बाहेर फेंकला जातो, त्या घराची भरभराट कशी व्हावी ?

ब्यूखीनें काढलेला उपाय मुळशीच्या मुलांस समजावयास कठीण नाहीं. आपल्या तलावाचें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें उतरतें व तेथील चक्रें फिरवून वीज उत्पन्न करतें. पाण्याच्या जागीं इंजिनाचा वेगवान ऊन धूर आहे अशी कल्पना करा. तो धूर एक लहान चक्र फिरवितो; त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास दुसरें चक्र असून तें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. हवा अधिक शिरली म्हणजे तेलही अधिक जाळतां येतें, आणि तेंच इंजिन अधिक बळ देतें. ता. १६ नोव्हेंबर १९०५ रोजीं या कल्पनेचें जर्मन पेटंट त्याच्या नांवें नोंदलें गेलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. यासच आज टर्बोचार्जर म्हणतात.

परंतु कल्पना सुचणें आणि ती सिद्धीस जाणें यांत मोठें अंतर असतें. स्वदेशीं परतून ब्यूखी सुल्झर कारखान्यांत प्रयोग करूं लागला. तापलेल्या धुराचा मारा दीर्घकाळ सोसेल असें पोलाद त्या काळीं दुर्मिळ होतें. शिवाय धुराच्या वाटेंत चक्र बसविलें कीं धूर कोंडला जाऊन इंजिनासच मागें रेटीत असे. विमानास उंचावरील विरळ हवेंत बळ मिळावें म्हणून सन १९१५ मध्यें त्यानें एक इंजिन सिद्ध केलें. पण तें भरंवशाचें ठरलें नाहीं. कल्पना खोटी नव्हती. तिला योग्य धातु व योग्य रचना मिळाली नव्हती. इकडे सन १९१८ मध्यें अमेरिकेंत सँफर्ड मॉस यानें पाइक्स शिखरावर, सुमारें १४,००० फूट उंचीवर, असेंच यंत्र विमानाच्या इंजिनास जोडून त्याचा गुण सिद्ध करून दाखविला.

ब्यूखीनें धीर सोडला नाहीं. सर्व नळकांड्यांचा धूर एकाच मोठ्या नळींत न सोडतां तो अरुंद व निरनिराळ्या नळ्यांनीं चक्रापर्यंत न्यावा, म्हणजे प्रत्येक फुत्काराचा जोर कायम राहतो, हें त्यानें ओळखलें. तसेंच दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या ठेवल्यास ताजी हवा जुना धूर झाडून काढते, हेंही त्यास उमगलें. सन १९२५ च्या या सुधारणेनें कार्य साधलें. ‘प्रॉयसेन’ व ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांचें बळ १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेलें. पुढें हीं यंत्रें जहाजांवर, आगगाडींत व मालमोटारींत आलीं. सन १९६२ मध्यें अमेरिकेंत अशा दोन प्रवासी मोटारी विक्रीस आल्या. पण तें पाहण्यास ब्यूखी हयात नव्हता. ता. २७ ऑक्टोबर १९५९ रोजीं आपल्या जन्मगांवींच त्यानें देह ठेविला होता.

आज रोजच्या वापराच्या साध्या मोटारीसही हें यंत्र मागाहून जोडावें अशी हौस पुष्कळ तरुणांस असते. ब्यूखीच्या चरित्रांतून त्यांनीं एवढें शिकावें कीं, वायां जाणारें बळ मिळवितां येतें, पण तें फुकट मिळत नाहीं. हवा दाबली कीं तापते, म्हणून ती थंड करण्याची सोय लागते. दाब वाढला कीं तेल अवेळीं भडकून इंजिन ठोके देऊं लागतें व दट्ट्या फुटतो. मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या दांड्यास स्वच्छ वंगण अखंड मिळावें लागतें. म्हणून शहाण्यानें प्रथम आपलें इंजिन निरोगी आहे कीं नाहीं तें तपासावें, दाब वातावरणाच्या एक-तृतीयांशाइतकाच वाढवावा, तेलाचें प्रमाण व ठिणगीची वेळ जाणत्याकडून जुळवून घ्यावी, ब्रेक व क्लच तितकेच समर्थ करावे, आणि नोंदणी-अधिकाऱ्यांची संमति आधीं मिळवावी. जी मोटार उद्यां सकाळीं घरच्यांस घेऊन पौडच्या बाजारास जावयाची आहे, तिच्याशीं हट्ट करणें शोभत नाहीं.

बळाची किंमत कोणीतरी देतोच, हें मुळशीस नव्यानें सांगावयास नको. ज्या तलावाच्या पाण्यानें भिऱ्याचीं चक्रें फिरतात, त्याच्याखालीं येथल्या शेतकऱ्यांचीं घरें व भातखाचरें गेलीं, आणि त्यांसाठीं सन १९२१ पासून सेनापति बापटांसह अनेकांनीं सत्याग्रह केला. यंत्राची किंमत आधीं मोजावी व ती आपण स्वतः द्यावी, हा न्याय मोठ्या धरणास लागू आहे, तसाच लहान मोटारीसही. ब्यूखीनें आपल्या कल्पनेची किंमत वीस वर्षांच्या श्रमानें स्वतः चुकविली. बालमित्रांनो, परीक्षेंत एकदां अपयश आलें म्हणून जो पुस्तक मिटतो, त्यानें विंटरथूरच्या या यंत्रज्ञाचें स्मरण करावें, आणि पुस्तक पुन्हा उघडावें.