एकशे आठ मिनिटांनंतर

युरी गागारिन म्हटले की १२ एप्रिल १९६१ ही तारीख आणि अंतराळातली १०८ मिनिटे आठवतात. सामान्यज्ञानाच्या परीक्षेला तेवढे पुरतेही. मला मात्र या माणसाची त्यानंतरची सात वर्षे अधिक मोलाची वाटतात.

स्मोलेन्स्क प्रांतातील क्लुशिनो या खेड्यात ९ मार्च १९३४ रोजी तो जन्मला. वडील सुतार, आई गाई दोहणारी. युद्धात जर्मनांनी घर बळकावले आणि हे कुटुंब जमिनीत खणलेल्या खोपटात राहिले. थोरल्या भावाला व बहिणीला सैनिक पकडून घेऊन गेले. पुढे मॉस्कोजवळ ल्युबेर्त्सीला ओतकाम आणि रात्रीची शाळा, मग सारातोवची तंत्रशाळा. तेथेच त्याला विमानांचे वेड लागले. वैमानिकी विद्यालयात मात्र विमान नीट उतरवता येईना. उंची अवघी १५७ सेंटिमीटर! शेवटी खाली उशी घेऊन बसू लागला, तेव्हा कुठे जमले.

पृथ्वीप्रदक्षिणेनंतर सात किलोमीटर उंचीवर यानातून बाहेर फेकला जाऊन तो छत्रीने उतरला. विक्रमाच्या नियमात हे बसत नव्हते, म्हणून सरकारने ते कित्येक वर्षे दडवले. त्यालाही दडवावे लागले. एवढ्या पराक्रमाला या लपवाछपवीची काय गरज होती?

मग देशोदेशीचे हारतुरे. १९६१ च्या अखेरीस तो भारतातही येऊन गेला. कौतुकाने थोडा वाहवलाही. क्रिमियात सज्ज्यावरून मारलेल्या उडीचा व्रण भुवईवर कायमचा राहिला.

पण दोन मुलींचा हा जगप्रसिद्ध बाप पुन्हा बाकावर जाऊन बसला, झुकोव्स्की अकादमीत, अभियांत्रिकी शिकायला. एप्रिल १९६७ मध्ये सोयुझ–१ चा बदली अंतराळवीर तोच होता. त्या यानाची छत्री उघडली नाही आणि त्याचा मित्र कोमारोव गेला. त्यानंतर गागारिनला अंतराळाची दारे बंद झाली. राष्ट्राचे भूषण गमावणे सरकारला परवडणारे नव्हते. जपून ठेवलेली वस्तू होणे त्याला मानवणारे नव्हते. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्याने पदविका मिळवली. प्रबंधाचा विषय होता पुन्हा वापरता येईल असे पंखांचे अंतराळयान.

विमानोड्डाणाचे तास कमी पडले होते. म्हणून अंतराळात जाऊन आलेला पहिला मानव शिकाऊ वैमानिकासारखा पुन्हा शिक्षकासोबत उडू लागला. २७ मार्च १९६८ रोजी सेर्योगिन या अनुभवी वैमानिकाबरोबर त्याचे मिग विमान कोसळले. दोघेही गेले. त्याच्या वयाला चौतीस वर्षे पुरी होऊन अठराच दिवस झाले होते. कारणांचा वाद अजून मिटलेला नाही. ती चाचणी-फेरी पार पडली असती, तर त्याला एकट्याने उडण्याची परवानगी मिळायची होती.