नृत्यपथकाने उभारलेली वास्तू

दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आपल्याकडे मिरवणुका निघतात, पारंपरिक नृत्ये होतात आणि आदिवासी स्त्रियांच्या कलेचा गौरव करणारी भाषणे होतात. हा गौरव स्वागतार्हच आहे. तथापि कार्यक्रम आटोपल्यावर नाचणाऱ्या स्त्रीच्या आणि तिच्या पाड्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. न्यूझीलंडमधील ते पुएआ हेरांगी या माओरी स्त्रीच्या चरित्रात मात्र त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले दिसते.

ते पुएआंचा जन्म ९ नोव्हेंबर १८८३ चा. माओरी राजे ताफियाओ हे त्यांचे मातामह. राजघराणे म्हटले की वैभव डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही उरले नव्हते. १८६३-६४ च्या युद्धानंतर वसाहतीच्या सरकारने वायकाटो प्रदेशातील सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली होती. एकेकाळी ऑकलंडच्या बाजारपेठेला धान्य व पीठ पुरविणारा हा समाज त्यामुळे मोलमजुरीवर येऊन ठेपला होता.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सक्तीच्या सैन्यभरतीचा बडगा माओरींपैकी वायकाटोच्या लोकांवर उगारला गेला. ज्या सत्तेने भूमी हिरावली तिच्यासाठी रक्त का सांडावे, या भूमिकेवर ते पुएआ ठाम राहिल्या. पकडलेल्या तरुणांना ज्या छावणीत ठेवले होते तिच्याबाहेर, त्यांना दिसेल अशा जागी, त्या जाऊन बसत. पुढच्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने मांगाताफिरी येथील त्यांच्या वस्तीत हाहाकार उडविला. पोरक्या झालेल्या सुमारे शंभर मुलांचा सांभाळ ते पुएआंनी पत्करला.

ही मुले आणि उरलेली माणसे घेऊन १९२१ पासून त्यांनी न्गारुआवाहिया येथे नवी वस्ती वसविण्यास प्रारंभ केला. वायकाटो नदीकाठची, काटेरी झुडपांनी भरलेली ही १० एकर जमीन जप्त झालेल्या भूमीपैकीच होती. आपलीच जमीन पैसे मोजून परत घ्यावी लागली होती. वस्तीला नाव मिळाले तुरांगावाएवाए, म्हणजे पाय रोवून उभे राहण्याची जागा.

जागा मिळाली, पण भांडवल कोठून आणायचे? कर्जाला तारण नव्हते आणि मजुरीतून शिल्लक पडत नव्हती. समाजाजवळ एकच संपत्ती जप्तीतून सुटली होती. ती म्हणजे गाणी, पोई नृत्य आणि हाका. ते पुएआंनी १९२२ च्या सुमारास तरुण मुलामुलींचे एक कलापथक उभारले आणि त्याला मांगाताफिरीचेच नाव दिले. हे पथक उत्तर बेटातील गावोगावी फिरले. त्याने कार्यक्रम केले, लोकांकडून पैसे मिळविले आणि ते वस्तीच्या बांधकामासाठी आणले. त्यातून कोरीवकामाने नटलेली माहिनारांगी ही वास्तू उभी राहिली व १९२९ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तेथे माओरींसाठी रुग्णालय व्हावे, असा ते पुएआंचा मूळ मानस होता. साथीचे दिवस त्या विसरल्या नव्हत्या. आरोग्य खात्याच्या नियमांमुळे ते घडले नाही आणि वास्तू पाहुण्यांच्या स्वागताची झाली.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. कार्यक्रम कोठे व कशासाठी करायचा हे समाजाने ठरविले, आणि मिळकतीचे रूपांतर समाजाच्या स्थावर मालमत्तेत झाले. शिवाय, गावोगावी प्रयोग करताना पोरक्या मुलांना आपली भाषा, गाणी आणि वंशावळी आपोआप अवगत झाल्या. हा लाभ कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

पुढे १९३० च्या दशकात त्यांनी शासकीय भूविकास योजनांतून आपल्या लोकांना पुन्हा शेतीकडे वळविले. १९४६ मध्ये जप्तीच्या भरपाईचा कायदा झाला. वर्षाला ६,००० पौंड ५० वर्षे आणि नंतर कायम ५,००० पौंड, अशी ती तडजोड होती. भूमी परत मिळाली नाही आणि महागाईबरोबर रक्कम वाढण्याचीही तरतूद नव्हती. तरीही ते पुएआंनी ती स्वीकारण्याच्या बाजूने आपले वजन खर्च केले. या निर्णयावर टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. मात्र लढ्यासाठी संघटना आणि हाती थोडा पैसा असावा लागतो, हेही खरे. १२ ऑक्टोबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९५ मध्ये शासनाने वायकाटोच्या लोकांची क्षमा मागितली आणि १७ कोटी डॉलरची भरपाई मान्य केली. ती स्वीकारण्यास संघटित समाज उभा होता, यात ते पुएआंच्या वस्तीचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे आदिवासी स्त्रियांना मंचावर बोलाविणाऱ्या शासकीय खात्यांनी, महाविद्यालयांनी आणि मंडळांनी या चरित्रातून निदान एक गोष्ट घ्यावी. कार्यक्रमाचे स्वरूप ठरविणाऱ्या समितीत त्या स्त्रिया असाव्यात आणि जमलेल्या पैशाचा विनियोग त्यांनी ठरवावा. शाल आणि श्रीफळ त्यानंतर द्यावे.