फादर डेमियन यांची बाजू घेणारा लेखक

'ट्रेझर आयलंड'चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन प्रोटेस्टंट घरातले, फुप्फुसांच्या विकाराने जर्जर. १८८८ साली आई, पत्नी फॅनी व सावत्र मुलगा लॉइड यांच्यासह ते 'कॅस्को' या शिडाच्या जहाजाने निघाले. मार्केसस, ताहिती करीत हवाईला पोहोचले. मे १८८९ मध्ये ते मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहिले. फादर डेमियन महिन्यापूर्वीच वारले होते.

पुढे सिडनीत त्यांना होनोलुलूच्या एका पाळकाचे छापील पत्र वाचायला मिळाले. त्यात फादरांच्या चारित्र्यावर चिखलफेक होती! स्टीव्हन्सन यांनी कडक उत्तर लिहिले. मात्र अब्रुनुकसानीचा खटला झाला असता तर घरदार गेले असते. म्हणून आधी त्यांनी ते घरच्यांना वाचून दाखविले. आम्हांला कौतुक वाटते ते या घरच्यांचे. त्यांनी होकार दिला. १८९० मध्ये पत्र छापले गेले. खटला झालाच नाही.